‘माझं मी करतो’ : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मूल आपल्या हातानं काम करत शिकतं त्या मॉन्टेसरी पद्धतीवरच्या गेल्या महिन्यातल्या लेखानंतर नागपूर आणि आसपासहून बरीच पत्रं आली. सारखे प्रश्न एकत्र केले, लांब पत्रं आटोपशीर केली. उत्तरं लागली तेवढी लांब ठेवली आहेत.

प्रश्न : मुलगा अडीच वर्षांचा आहे. पाणी मीच ओतणार, शर्ट मीच घालणार, पोळी मीच लाटणार, असा दिवसभर हट्ट. मी दिवसातून चारदा फरशी पुसते. सासूबाई म्हणतात, करू दे. पण मला नवाच्या आत घर सोडायचं असतं. सुरुवात कुठून करू?
— एक आई, मनीषनगर

सकाळी तर अजिबात करू नका. घाईच्या वेळी शिकवायला घेतलेली गोष्ट शेवटी आपणच हिसकावून घेतो आणि मुलाच्या लक्षात तेवढंच राहतं. संध्याकाळची २० मिनिटं काढा, रोज त्याच वेळी.

पाणी सांडण्याचं कारण बहुतेक वेळा भांड्यात असतं. लिटरभर पाण्याचा तांब्या भांड्याचं वजन धरून सव्वा किलोच्या पुढे जातो आणि त्याला चोच नसल्यामुळे धार न पडता पाणी काठावरून पसरून येतं. मोठ्यांनाही तांब्यातून लहान पेल्यात ओतताना हात सावरावा लागतो. चहावाले दूध ठेवतात तसे चोच आणि कान असलेले स्टीलचे दोन लहान जग आणा, १५० ते २०० मिलिलिटरचे. इतवारीत भांड्यांच्या दुकानात मिळतात. दोन्ही एकाच मापाचे हवेत.

आधी कोरडं ओतणं. एका जगात अर्ध्यापर्यंत तांदूळ घ्या. हरभरे, वाटाणे, राजमा या वयात नकोत. ते नाकाकानात जातात आणि ओलाव्यानं फुगतात. दोन्ही जग काठ असलेल्या ट्रेमध्ये किंवा परातीत ठेवा, म्हणजे सांडलेले दाणे घरभर न जाता तिथेच सापडतील. तुम्ही मुलाच्या उजव्या बाजूला बसा (मूल डावखुरं असेल तर डाव्या) आणि एकदा ओतून दाखवा. हळू आणि न बोलता. हात आणि तोंड एकदम चाललं की मूल तोंडाकडे बघतं. दाखवून झाल्यावर जग त्याच्यासमोर ठेवा आणि आपले हात मांडीवर घ्या. हे शेवटचं सगळ्यात कठीण जातं.

आठ-दहा दिवसांत तांदूळ न सांडता जायला लागला की पाणी. इथे एक युक्ती आहे : पेल्यात मावेल तेवढंच पाणी जगात भरायचं. पेला भरत आला हे अडीच वर्षांच्या मुलाला दिसतं, पण वेळेवर थांबण्यासाठी मनगट उलटं फिरवावं लागतं आणि तेच अजून जमत नाही. माप आधीच बांधलेलं असलं की त्यानं जग पूर्ण पालथा केला तरी सांडत नाही. थांबायला जमू लागलं की पेल्यावर बाहेरून रंगीत चिकटपट्टीची एक रेघ मारा आणि जगात थोडं जास्त पाणी द्या. पुसायला हातभर फडकं नको. जुन्या बनियनचा १५ सेंटीमीटरचा चौकोन पुरे. नवं खळीचं कापड पाणी शोषत नाही, नुसतं ढकलतं आणि मूल वैतागतं. सांडलं की पुसणं हा त्याच कामाचा शेवटचा भाग, हे पहिल्या दिवशी दाखवतानाच पुसून दाखवा. ‘अरे सांडलं ना!’ म्हणायची मग गरज उरत नाही.

शर्ट किंवा पुढून उघडं स्वेटर घालण्याची सोपी रीत : कपडा पलंगावर किंवा फरशीवर पसरायचा, आतली बाजू वर आणि कॉलर मुलाच्या पायाशी. मूल वाकून दोन्ही हात बाह्यांत घालतं आणि हात डोक्यावरून मागे नेतं. कपडा पाठीवर बरोबर सुलटा येतो. बटणं २ सेंटीमीटरहून लहान असतील तर बदलून घ्या आणि खालच्या बटणापासून लावायला शिकवा. गळ्याजवळचं बटण त्याला दिसतच नाही. थंडी सुरू होण्याआधी, दिवाळीच्या सुट्टीत हे बसवलं तर डिसेंबरच्या सकाळी तुमची दहा मिनिटं वाचतील.

पोळीसाठी लिंबाएवढा गोळा, कणीक नेहमीपेक्षा घट्ट. सैल कणीक लाटण्याला चिकटते आणि मग पीठ उधळलं जातं. ती पोळी भाजून त्याच्याच ताटात वाढा, नकाशा असला तरी.

आणि आपल्या गावाला या पद्धतीतलं एक फार चांगलं साधन झाडावरच लागतं : संत्रं. आंबिया बहाराची फळं नोव्हेंबर-डिसेंबरात, मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे जवळजवळ चार महिने हे काम चालतं. हात धुवायचे. ट्रेमध्ये एक संत्रं, सालीला एक वाटी, बियांना एक वाटी, फोडींना ताटली. देठाजवळ तुम्ही नखानं एक खाच पाडून द्या, पुढचं त्याचं. साल, मग पांढऱ्या शिरा, मग फोडी सुट्या, मग बिया. शेवटी ताटली घेऊन घरातल्या सगळ्यांना एकेक फोड वाटायची. संत्रं मात्र आपलंच, सैल सालीचं घ्या. त्याच दिवसांत बाजारात किन्नूही येतो. तो दिसायला भाऊ, पण साल फळाला घट्ट धरून असते. दोन दिवस मजेनं सोलणारं मूल तिसऱ्या दिवशी रडायला लागलं तर आधी फळ बघा.

प्रश्न : बेसा भागात आम्ही बालवाडी सुरू केली. मॉन्टेसरीचं पूर्ण साहित्य घेतलं, खर्च बराच झाला. २५ मुलं, दोन ताई. पण मुलं गुलाबी मनोऱ्याच्या लाकडी ठोकळ्यांची रेल्वे करतात, ठोकळे फेकतात. साहित्याचा तास ४० मिनिटांचा ठेवला आहे, तरी पंधरा मिनिटांत कंटाळतात. आमचं काय चुकतं?
— एक संचालिका, बेसा

तीन गोष्टी चुकत असाव्यात. सगळ्यात मोठी वेळापत्रकात आहे.

या पद्धतीत ‘साहित्याचा तास’ नसतो. सलग तीन तासांचा कामाचा वेळ असतो. आपल्याकडची बालवाडीच तीन तासांची, त्यात प्रार्थना, गाणी, डबा आणि गॅदरिंगची तयारी, हे मान्य. तरी सलग दोन तास काढता येतात. गाणी शेवटी न्या. डब्यासाठी सगळ्यांना एकदम बसवू नका. दोन मुलांची एक बैठक कोपऱ्यात मांडा, भूक लागेल त्यानं जाऊन खावं आणि ताटली धुऊन ठेवावी. सलग वेळ का लागतो? मूल आल्या आल्या सोपं, ओळखीचं काम उचलतं. तासाभरानं वर्गात गलका वाढतो, मुलं इकडेतिकडे फिरतात. ताईंना वाटतं मुलं थकली, आणि त्या टाळी वाजवून गोल करून बसवतात. ही पद्धत घडवणाऱ्या डॉ. मारिया मॉन्टेसरींनी याला खोटा थकवा म्हटलं आहे. तिथे १५-२० मिनिटं हात आवरले, फक्त धिंगाणा घालणाऱ्या एक-दोघांना कामाशी नेऊन बसवलं, की त्यानंतर मुलं दिवसातलं सगळ्यात अवघड काम काढतात. तुमचा ४० मिनिटांचा तास या टप्प्याच्या आतच संपतो. म्हणजे तुमच्या मुलांनी हाती घेतलेलं मोठं काम तुम्ही अजून पाहिलेलंच नसावं.

दुसरं, पहिल्या दिवसापासून सगळं साहित्य मांडलं असणार. ते कपाटात बंद करा. जूनअखेर विदर्भातल्या शाळा उघडतात तेव्हा फळ्यांवर ८-१० ट्रे पुरे आणि तेही घरगुती कामांचे : ओतणं, चमच्यानं एका वाटीतलं दुसऱ्या वाटीत घेणं, घडी घालणं, झाडांची पानं पुसणं, चटई गुंडाळणं, खुर्ची आवाज न करता उचलणं. चटई गुंडाळायला येत नाही त्या मुलाला मनोरा देऊ नये, कारण आपल्या कामाची जागा आखणं त्याला अजून माहीत नाही. दोन-तीन आठवड्यांनी मनोऱ्यासारखं इंद्रियशिक्षणाचं साहित्य एकेक करून बाहेर काढा. प्रत्येक साहित्याचा एकच संच फळीवर असावा. दुसरा मागवू नका. दुसऱ्याचं काम होईपर्यंत थांबणं मूल त्यातूनच शिकतं.

तिसरं, मनोरा दाखवला कसा ते आठवा. १ सेंटीमीटरपासून १० सेंटीमीटरपर्यंतचे १० घन. प्रत्येक घन वेगळा आणायचा, म्हणजे फळीपासून चटईपर्यंत दहा खेपा. टोपलीत भरून एकदम आणू दिलं तर निम्मं शिक्षण वाटेतच सांडलं. मोठा घन दोन्ही हातांनी, लहान बोटांच्या चिमटीत. सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठा यांच्या आकारमानात १ ते १००० एवढं अंतर आहे आणि ते हाताला कळायचं असतं. चटईवर घन विखरून ठेवायचे, मग सगळ्यात मोठ्यापासून रचायचं. मुलाचा क्रम चुकला तर सांगू नका, मनोरा बघून त्यालाच खटकेल, आज नाही तर पुढच्या आठवड्यात. फेकाफेक मात्र लगेच थांबवायची. न रागावता म्हणा, ‘हे काम आज ठेवू, उद्या मी पुन्हा दाखवीन,’ आणि ठोकळे फळीवर परत. रेल्वेचं म्हणाल तर रेल्वेसाठी साधे लाकडी ठोकळे वेगळे ठेवा. तो खेळ वाईट नाही, पण १ सेंटीमीटरचा घन त्यात हरवतो आणि मग नऊचा मनोरा वर्षभर वर्गात उभा राहतो.

२५ मुलांना दोन ताई पुरतात. एकीनं दाखवावं, दुसरीनं फक्त वर्ग सांभाळावा, शिकवू नये. आणि शक्य असेल तर तीन ते सहा वयाची मुलं एकत्र बसवा. नर्सरी, केजी वन, केजी टू असे तीन वर्ग पाडले की लहान मूल मोठ्याकडे बघून जे शिकतं ते सगळं ताईंच्या अंगावर पडतं.

प्रश्न : नात चार वर्षांची, मॉन्टेसरी शाळेत जाते. दीड वर्षात एक पान लिहिलेलं नाही. शेजारचा तिच्याच वयाचा मुलगा १०० पर्यंत पाढ्यासारखे आकडे म्हणतो, क ते ज्ञ लिहितो. सून म्हणते, बाबा, तुम्ही काळजी करू नका. काळजी वाटते.
— एक आजोबा, धरमपेठ

काका, नात काय करते ते बघा, वही नंतर. ती दोन बोटांनी अक्षरं गिरवते का? ‘कमळ’ म्हटल्यावर पहिला आवाज कोणता ते सांगते का? चिमटीत टाचणीएवढं काही धरते का? तीन्हींना ‘हो’ असेल तर लिहिणं जवळ आलं आहे. मूठ आवळून पेन्सिल धरणाऱ्या मुलाचं क ते ज्ञ लिहून झालं तरी पकड पुढे सोडवावी लागते, आणि ते नव्यानं शिकवण्यापेक्षा कठीण.

घरी मदत करायची असेल तर खरखरीत अक्षरं तुम्ही स्वतः करा. निवृत्त माणसाला हे काम आवडतं. हार्डवेअरच्या दुकानातून १२० किंवा १५० नंबरचा पॉलिश पेपर घ्या. ६० नंबरचा जाडाभरडा घेतलात तर बोट टोचतं आणि मूल दुसऱ्यांदा हात लावत नाही. अक्षर साधारण ८ ते १० सेंटीमीटर उंच, रेघेची रुंदी बोटाएवढी. कागदाच्या मागच्या बाजूला आखत असाल तर अक्षर आरशातल्यासारखं उलटं काढा. पहिल्या खेपेला बहुतेकांचा ‘ग’ उलटा निघतो आणि कागद वाया जातो. जाड पुठ्ठ्यावर चिकटवा. स्वर निळ्या पुठ्ठ्यावर, व्यंजनं लाल किंवा गुलाबी. पुठ्ठा डावीकडे थोडा मोकळा सोडा, तिथे ती दुसरा हात टेकवील. गिरवायचं तर्जनी आणि मधल्या बोटानं, लिहितो त्याच दिशेनं, शिरोरेघ शेवटी. आधी बोटं कोमट पाण्यात बुडवून पुसली तर स्पर्श नीट कळतो.

‘क कमळाचा’ म्हणू नका. मुलाच्या कानात ‘कमळाचा’ राहतं आणि ‘क’ कुठला ते हरवतं. अक्षर गिरवताना नुसतं ‘क’ म्हणा. एका वेळी दोन-तीन अक्षरं, आणि तीही दिसायला अगदी वेगळी : ग, स, ल चालतील. म आणि भ एकाच दिवशी नकोत, घ आणि ध तर महिनाभर लांब ठेवा. शिकवण्याच्या तीन पायऱ्या आहेत, सेगँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरांच्या. पहिली : ‘हा ग. हा स.’ दुसरी : ‘ग कुठे? स माझ्या हातात दे. ग खिडकीत ठेवून ये.’ तिसरी : ‘हा कोणता?’ घरी गडबड होते ती दुसऱ्या पायरीवर. आपण पहिलीवरून थेट तिसरीवर उडी मारतो आणि मूल गप्प झालं की त्याला येत नाही असं समजतो. दुसरी पायरीच सगळ्यात लांब, खेळत खेळत, दिवसेंदिवस चालवायची.

मग सुट्या अक्षरांनी शब्द लावायचे, पेन्सिल न घेता. आधी बिनमात्रेचे : घर, नळ, बस, मगर, बदक. मग ‘ा’ आणि ‘ी’. ऱ्हस्व ‘ि’ सगळ्यात शेवटी, कारण ती ऐकू येते अक्षराच्या नंतर आणि लिहायची अक्षराच्या आधी. ‘किती’ लावताना मूल आधी ‘क’ ठेवतं, ते त्याच्या कानाप्रमाणे बरोबरच असतं.

आकड्यांचं : १०० पर्यंत म्हणणं आणि सात वाट्या मोजून आणणं ही दोन वेगळी कामं. शेजारच्या मुलाला पाच चमचे आणायला सांगून बघा (त्याच्या आजोबांसमोर नको). शाळेत नातीला आधी लाल-निळ्या दांड्या मिळतात, सर्वांत लहान १० सेंटीमीटरची आणि सर्वांत लांब एक मीटरची. मग ० ते ९ असे दहा कप्पे आणि ४५ काड्या. शून्याच्या कप्प्यात काहीच ठेवायचं नाही. काड्या उरल्या किंवा कमी पडल्या की चूक कुठे झाली ते मूल स्वतः शोधतं. दहा पक्के होईपर्यंत पुढच्या संख्यांची नावं रेटू नयेत. मराठीत ती तशीही अवघड आहेत. एकोणतीस म्हणायचं आणि मनात तीसमधून एक वजा करायचा. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ असं आलं तेव्हा केवढी चर्चा झाली ते तुम्हाला आठवत असेल. बाजू कुठलीही घ्या, अडचण खरी आहे.

प्रश्न : मी अंगणवाडी सेविका आहे. हे लाकडी साहित्य आम्हाला परवडणारं नाही. ही पद्धत फक्त पैसेवाल्यांची आहे का?
— एक सेविका, हिंगणा तालुका

ताई, डॉ. मॉन्टेसरींचं पहिलं बालगृह, म्हणजे लहान मुलांची शाळा, १९०७ साली रोममधल्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत उघडलं, दिवसभर कामावर जाणाऱ्या आईबापांच्या मुलांसाठी. आणि महाराष्ट्रात हे काम गावापर्यंत नेलं ते ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी. ताराबाई गुजरातेत भावनगरला बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांबरोबर काम करून आल्या होत्या. १९४५ मध्ये बोर्डीला त्यांनी ग्रामीण मुलांसाठी केंद्र काढलं, १९५७ मध्ये काम कोसबाडला गेलं. मुलं बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर बालवाडीच वस्तीतल्या अंगणात नेली, ती अंगणवाडी. तुमच्या केंद्रावरच्या पाटीवरचा शब्द तिथला आहे. साहित्यही त्यांनी शिंपले, बिया, पानं, दगड, माती यांतूनच घडवलं.

तुमच्याकडे तुराट्या आणि पऱ्हाट्या फुकट आहेत. वरच्या उत्तरातल्या ४५ काड्या सरळ तुराटीच्या करा : १५ सेंटीमीटर लांब, टोकं घासलेली, म्हणजे बोटात कूस जाणार नाही. लांबीच्या दांड्या मात्र तुराटीच्या नकोत. ती एका टोकाला जाड, दुसऱ्याला बारीक असते, मग मूल लांबी बघतंय की जाडी हे कळत नाही. एका साधनात एकच फरक असावा. त्यासाठी बांबूची पट्टी चिरून घ्या, सगळीकडे सारखी रुंदी. आवाजाच्या डब्या करायच्या तर सारख्या बारा डब्या, दोन-दोनमध्ये तेवढेच जिन्नस : रेती, ज्वारी, तूर, चिंचोके, खडे, आणि एक जोडी रिकामी. तोंडं चिकटपट्टीनं पक्की बंद करा. तीन वर्षांखालचं भावंडं बरोबर येत असेल तर सव्वातीन सेंटीमीटरपेक्षा लहान कोणतीही सुटी वस्तू खालच्या फळीवर ठेवू नका.

टेबल-खुर्चीसाठी अडू नका. पाट आणि चौरंग ही आपल्याकडची मुलांच्याच उंचीची बैठक आहे. पाण्याचा माठ जमिनीपासून जास्तीत जास्त ५० सेंटीमीटरवर, तोटीचा, खाली बादली. एप्रिलमध्ये पारा ४२ च्या वर गेला की ओतायचं, धुवायचं, पानं पुसायचं काम वाढवा, ते मुलांना हवंच असतं. पण ओल्या हातांची मुलं कूलरपासून लांब राहतील अशी जागा निवडा.

प्रश्न : शाळेच्या पाटीवर ‘मॉन्टेसरी’ लिहिलेलं असलं म्हणजे पुरे का? बघायचं काय?
— प्रतापनगर, सक्करदरा आणि जरीपटक्याहून आलेली पत्रं

पुरे नाही. हे नाव कुणीही लावू शकतं. वर्ग चालू असताना कोपऱ्यात अर्धा तास बसू द्या म्हणा. नाही म्हणाले तर कारण विचारा. बसू दिलं तर मुलांकडे बघा : किती जण आपलं काम आपण निवडून उचलतात, झाल्यावर जागेवर ठेवतात? ताईंचा आवाज खोलीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू येतो का? यायला नको. सगळे एकाच वेळी एकच चित्र रंगवत असतील तर पाटी विसरा. नळ मुलाच्या हाताला येतो का, संडासाला आतून कडी तर नाही ना, हेही बघून घ्या. ताईंचं प्रशिक्षण किती महिन्यांचं आणि त्यात मुलांसमोर बसून निरीक्षण होतं का, हे विचारण्यात संकोच नको.

आणि प्रवेश घेतलात तर तीन ते सहा वयाच्या वर्गातलं तिसरं वर्ष तोडू नका. २०२० च्या शैक्षणिक धोरणानुसार पहिलीला सहा वर्षं पूर्ण लागतात, तेव्हा घाई नाही. पाचव्या वर्षी ‘मोठ्या शाळेत’ केजी टूला काढलं की वाचन आणि संख्या उमलायच्या वेळीच मूल बाहेर पडतं, आणि लहानांना दाखवण्याची त्याची पाळी येतच नाही.

प्रश्न : मुलगी साडेतीन वर्षांची. चपला नेहमी उलट्या घालते. सांगून थकलो.
— एक बाबा, त्रिमूर्तीनगर

सांगू नका. तिच्या आवडीचं एखादं गोल चित्र, मांजर, सूर्य, काहीही, मधोमध कापा. डावा अर्धा डाव्या चपलेत टाचेशी, उजवा अर्धा उजव्या चपलेत, कापलेल्या कडा आतल्या बाजूला, वरून पारदर्शक चिकटपट्टी. चपला शेजारी ठेवून चित्र पूर्ण झालं की पाय घालायचे. चपला तिच्या मापाच्या घ्या. ‘पुढच्या वर्षीही येतील’ म्हणून एक नंबर मोठ्या घेतल्या तर दोन्ही पायांत दोन्ही चपला सैलच बसतात आणि उलटं काय, सुलटं काय, पायाला कळत नाही. चित्र दोन-तीन आठवड्यांत पुसट होतं. बहुधा तोवर दुसरं लावायची गरज राहत नाही.